लिकायनच्या राखेत नेमकं काय सापडलं, आणि हाडांवरून पूजा कशी कळते

विचारलंय असं की ग्रीसमधल्या लिकायन डोंगरावर झ्यूसच्या वेदीत माणसाचा सांगाडा मिळाला, म्हणजे तिथे नरबळी देत होते हे सिद्धच झालं ना? आणि दुसरं, नुसती राख आणि हाडं बघून तीन हजार वर्षांपूर्वीची पूजा कशी होती हे पुरातत्त्ववाले एवढं ठामपणे कसं सांगतात, शेवटी अंदाजच ना? शिवाय आपल्याकडच्या डोंगरावरच्या देवस्थानांवर असं काम होऊ शकतं का, असंही विचारलंय.

मी गेली वीसेक वर्षं उत्खननात निघालेल्या प्राण्यांच्या हाडांवर काम करतोय, बहुतेक सगळं दख्खनमधलं. लिकायनवर मी खणलेलं नाही, एकदा जाऊन दिवसभर फिरून आलोय, पण तिथल्या हाडांबद्दल जे छापून आलंय ते फार बारकाईने वाचलंय कारण माझ्या कामात मला त्याचा रोज उपयोग होतो.

नरबळी सिद्ध झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आता कारणं सांगायची तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

लिकायन हा पेलोपोनीजमधल्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातल्या, आर्केडिया भागातला डोंगर. वेदी आहे ती दक्षिणेकडच्या शिखरावर, १३८२ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीच्या जवळपास धरा, पण झाडी नाही, उघडाबोडका खडक आणि वारा. त्याच्या खाली साधारण १२०० मीटरवर एक सपाटी आहे, तिथे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, धावण्याचं मैदान, लांबलचक ओसरी, पाण्याचं कारंजं, हमामखाना असं सगळं होतं, कारण इथे लिकाया नावाचा उत्सव भरायचा आणि त्यात खेळ व्हायचे. वर देऊळ नाही बरं का. एवढं मोठं देवस्थान आणि देऊळ बांधलेलंच नाही, वर फक्त राखेचा ढीग, साधारण तीस मीटर रुंद आणि जागोजागी दीडेक मीटर खोल, आणि त्याच्या पूर्वेला दोन खांबांचे तळखडे. त्या खांबांवर कधीकाळी सोन्याचा मुलामा दिलेले गरुड होते असं पॉसॅनियस लिहितो, तो इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी. वरून कुठवर दिसतं हे फोटोत कळत नाही, जवळपास अर्धा पेलोपोनीज खाली पसरलेला असतो, आणि ढग आले की सगळ्यात आधी तुमच्या अंगावर येतात. आकाशाच्या आणि विजेच्या देवाला हीच जागा का दिली हे तिथे उभं राहिलं की विचारावं लागत नाही.

पहिलं मोठं उत्खनन कूरूनिओटिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला केलं, १९०३ च्या आसपास वेदीत चर मारला. त्याला जळकी हाडं, नाणी, ब्राँझच्या छोट्या तिवया अशा वस्तू मिळाल्या, माणसाची हाडं मात्र मिळाली नाहीत. मग जवळजवळ शंभर वर्षं शांतता. २००४ पासून डेव्हिड रोमानो आणि मेरी वॉयात्झिस यांची टीम ग्रीक पुरातत्त्व खात्याबरोबर परत कामाला लागली आणि त्यांनी वेदीत जे खणलं त्याने चित्र खूपच बदललं. आधी समजूत अशी की वेदी फार तर इसवीसनपूर्व सातव्या-आठव्या शतकातली असेल. पण त्यांना राखेत मायसिनी काळातली, म्हणजे ट्रॉयच्या गोष्टी ज्या काळाच्या म्हणून सांगतात त्या काळातली, उंच दांड्याच्या प्यालांची खापरं मिळाली, मातीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या, बैल कोरलेला स्फटिकाचा एक मिनोअन, म्हणजे क्रीट बेटावरच्या प्राचीन संस्कृतीतला, शिक्का मिळाला, आणि सगळ्यात खाली तर नवाश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली खापरं. जळक्या हाडांच्या रेडिओकार्बन तारखाही मायसिनी काळापर्यंत मागे गेल्या. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ लोक त्याच टेकाडावर, त्याच राखेवर, पुन्हा पुन्हा आग पेटवत राहिले. राजवाडे कोसळले, लिपी विसरली गेली, तरी वर आग चालूच.

नवाश्मयुगातली खापरं मिळाली म्हणून तेव्हापासून पूजा होती असं मात्र म्हणता येत नाही, मी तरी म्हणणार नाही. माणसं शिखरावर शेळ्यांमागेही जातात. पूजा म्हणायला काहीतरी निवड दिसावी लागते, आणि ती निवड तशीच वारंवार केलेली दिसावी लागते. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हा एवढाच आहे. एकदा घडलेल्या गोष्टीवरून विधी कळत नाही.

आता हाडं. वेदीतली हाडं म्हणजे काय, तुम्हाला वाटेल मोठमोठे सांगाडे वगैरे. तसं काही नाही. नखाएवढे, फार तर बोटाच्या पेराएवढे पांढरे-निळसर तुकडे, हजारोंनी, काळ्या तेलकट मातीत मिसळलेले. हाड जसजसं तापतं तसा रंग बदलतो, आधी तपकिरी, मग कोळशासारखं काळं, मग राखाडी, आणि साधारण सातशे अंशांच्या वर गेलं की पांढरं फटक. पांढरं झालेलं हाड फरशीवर टाकलं तर चिनीमातीच्या कपाच्या तुकड्यासारखं खणखणतं, आणि जिभेच्या टोकाला लावलं की चिकटतं कारण त्यातला सगळा सेंद्रिय भाग जळून नुसती भोकं भोकं उरलेली असतात. आम्ही सगळे हे करतो, पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आहे. अजून एक, ओलं ताजं हाड मांसासकट जाळलं की साधारणपणे ते वाकतं आणि त्यावर अर्धचंद्रासारख्या आडव्या भेगा जातात, वाळलेलं जुनं हाड जाळलं तर भेगा बऱ्याचदा सरळ जातात. म्हणजे खाऊन फेकलेली हाडं नंतर कचऱ्यात जळली की मुद्दाम ताजी आगीत घातली, याचा अंदाज तुकड्यावरून येतो.

लिकायनच्या वेदीतली हाडं ब्रिट स्टारकोविच यांनी तपासली. ओळखता आलेली जवळजवळ सगळी शेळी-मेंढीची. शेळी आणि मेंढी हाडांवरून वेगळी करणं अवघड, म्हणून आम्ही शेळी-मेंढी असंच एकत्र लिहितो. आणि त्यातही सगळी हाडं नाहीत, मुख्यतः मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी आणि शेपटीचे मणके. डोकी नाहीत, शिंगं नाहीत, खूर नाहीत, बरगड्या जवळपास नाहीतच.

इथे कुणीही चांगला विद्यार्थी विचारेल की बाकीची हाडं होती पण टिकली नाहीत असं कशावरून नाही? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर असं की शेळीच्या अंगातलं सगळ्यात टिकाऊ काय तर दात, खालचा जबडा, पायाच्या नळ्यांची टोकं. शेपटीचे मणके म्हणजे अगदी हलके, चिमटीत चुरडतील असे. आता ज्या राखेत शेपटीचे मणके टिकलेत त्या राखेत दात टिकले नाहीत असं होऊच शकत नाही. म्हणजे दात तिथे घातलेच गेले नव्हते. कुणीतरी प्रत्येक वेळी जनावर कापून मांडी आणि शेपटीच वर आगीत दिली आणि बाकीचं दुसरीकडे नेलं. गुडघ्याची वाटी का सापडते, तर मांडी गुडघ्यात तोडली की ती वाटी स्नायूबरोबर मांडीलाच लटकून येते, कसायाकडे मांडीचा पीस घेताना नीट बघा, दिसेल. वाटी मुद्दाम वाहिलेली नाही, ती मांडीबरोबर आली, आणि त्यामुळेच ती मला सगळ्यात विश्वासू साक्षीदार वाटते. मांडी मांसासकट आणि सांध्यासकट आली होती का नुसतं सोललेलं हाड, असल्या प्रश्नांना अशा छोट्या हाडांवरूनच हात घालता येतो.

आता ग्रीकांचा आदिकवी होमर उघडा. वीरांनी बैल कापला की मांड्यांची हाडं काढायची, चरबीत गुंडाळायची आणि देवाला जाळायची, मग बाकीचं मांस भाजून आपण खायचं, हे वर्णन पुन्हा पुन्हा येतं. हेसिअड या दुसऱ्या जुन्या ग्रीक कवीने तर त्याची कथाच सांगितलीय, प्रोमिथियसने झ्यूसला फसवलं आणि चरबीखाली हाडं लपवून ती त्याला निवडायला लावली, तेव्हापासून देवाला हाडं आणि माणसाला मांस. आणि शेपटीचं म्हणाल तर ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत वेदीवरच्या आगीत एक वाकडी, वर उठलेली गोष्ट दिसते, ती शेपटी. आरिस्टोफेनीसच्या इसवीसनपूर्व ४२१ च्या नाटकात आहुती चालू असताना एक पात्र म्हणतं की शेपटी छान वळतेय, म्हणजे शकून चांगला.

हे वाचून मी स्वतः करून बघितलं. एका मित्राच्या शेतावर, उन्हाळ्यात, बांधाच्या कडेला दगडांचा ओटा केला, सुकी बाभूळ रचली, ओळखीच्या खाटकाकडून बोकडाच्या मांडीची हाडं, गुर्द्याभोवतीची चरबी आणि मागच्या माकडहाडासकट अख्खी शेपटी आणली. हाडं चरबीत गुंडाळून ठेवली. पहिली काही मिनिटं काही नाही, नुसता धूर आणि मग चरबी पेटली तेव्हा आग एवढी भडकली की आम्ही मागे सरलो, ज्वाळा पिवळ्याधमक, आणि वास, तो भाजलेल्या मटणाचाच वास, लांबपर्यंत गेला, वस्तीवरची कुत्री आली. आणि शेपटी खरोखर उठते! आधी पडून राहिली होती, मग कातडं आणि स्नायू आक्रसले तशी हळूहळू टोकाकडून वर वळत गेली, अगदी चित्रात दिसते तशी, आणि तशीच काळी होऊन उभी राहिली. माझ्याबरोबरचे दोघेजण एकदम गप्प झाले. तुम्ही देवाला काहीतरी विचारलंय आणि आगीतली मेलेली गोष्ट समोर हलते, याचा अर्थ त्या माणसांसाठी काय असेल हे मला पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी राख चाळली तर मांडीचे तुकडे पांढरे, भेगाळलेले, शेपटीचे मणके अख्खे पण इतके हलके की फुंकरीने उडतील. लिकायनच्या रिपोर्टमधले फोटो शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही.

मात्र ही निवड म्हणजे काही निसर्गनियम नाही, जागा बदलली की निवड बदलते. त्याच पेलोपोनीजमध्ये पायलॉसच्या राजवाड्यात मायसिनी काळातले जळक्या हाडांचे ढीग मिळालेत, ते मुख्यतः गाईबैलांचे, आणि त्यात जबडा, दंडाचं हाड आणि मांडीचं हाड. शेपटी नाही. म्हणजे राजवाड्यातली रीत वेगळी, डोंगरावरची वेगळी. म्हणूनच मी म्हणतो की हे अंदाज नाहीत, कारण हाडांचा कल एकीकडे पडतो की दुसरीकडे हे मोजून दाखवता येतं आणि दुसरा कुणी तीच हाडं घेऊन मला चूक ठरवू शकतो.

तारखांबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवतो कारण यावर लोक पटकन उड्या मारतात. पांढऱ्या जळलेल्या हाडात कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, उरत नाही, त्यामुळे तारीख हाडाच्या खनिजात अडकलेल्या कार्बनवरून काढतात. ही पद्धत चांगली आहे, पण जळताना सरपणाच्या धुरातला कार्बन हाडात शिरू शकतो, आणि सरपण जुन्या झाडाचं असेल तर तारीख खरी आहे त्यापेक्षा जुनी येते. म्हणून एका तारखेवर विसंबायचं नाही, खापरं काय म्हणतात ते बघायचं. लिकायनवर दोन्ही जुळतात.

आता सांगाडा. २०१६ मध्ये वेदीच्या राखेत एका किशोरवयीन माणसाचा सांगाडा मिळाला, बहुधा मुलाचा. पूर्व-पश्चिम ठेवलेला, डोकं पश्चिमेला, दोन्ही लांब बाजूंना दगड लावलेले, कमरेवर दगडी फरश्या, आणि कवटीचा वरचा भाग नाही, खालचा जबडा आहे. आजूबाजूच्या खापरांवरून काळ इसवीसनपूर्व अकरावं शतक, मायसिनी जगाच्या अगदी शेवटी. बातम्यांनी लगेच नरबळी म्हणून मथळे दिले, कारण लिकायनबद्दल तशा कथा प्राचीन काळापासून आहेत. आर्केडियाचा राजा लिकॉन याने या वेदीवर बाळ कापलं आणि तो लांडगा झाला. प्लेटो सांगतो की इथल्या बळीच्या मांसात माणसाच्या आतड्याचा तुकडा मिसळलेला असतो आणि जो तो खाईल तो लांडगा होतो. पॉसॅनियस तर वेदीवर गुपचूप बळी देतात एवढं लिहून म्हणतो की त्याच्या खोलात जायची मला इच्छा नाही, जसं आहे तसं असू द्या.

पण बघा, शेळ्यांच्या बाबतीत काय होतं? तोडलेलं, निवडलेलं, जाळलेलं आणि हजारो वेळा केलेलं. हा सांगाडा त्यातल्या एकाही गोष्टीत बसत नाही. तो तोडून निवडलेला नाही, लांब आडवा ठेवलाय, बाजूला दगड रचलेत, वर फरश्या आहेत, म्हणजे कुणीतरी वेळ घेऊन, जपून हे केलंय. दफनासारखं दिसतं. आणि तो एक आहे. प्लेटो लिहितो ते या सांगाड्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी, आणि तेही लोक असं सांगतात या सुरात, जुलमी राजा कसा तयार होतो याचा दाखला म्हणून. सातशे वर्षांनंतरच्या दंतकथेने आधीच्या खड्ड्याचा अर्थ लावायचा म्हणजे आपण आज देवगिरीच्या यादवांबद्दल ऐकीव गोष्टीवरून निकाल देण्यासारखं आहे.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. नंतरच्या काळात ग्रीक लोक देवस्थानात प्रेत ठेवणं विटाळ मानायचे, जन्म आणि मृत्यू दोन्ही बाहेर. मग चालत्या वेदीच्या मध्यात, धगधगत्या राखेत कुणाला का पुरलं? हे साधं स्मशान नाहीच. त्या मुलाला तिथे ठेवण्यामागे काहीतरी मोठं कारण होतं, पण मोठं कारण म्हणजे खूनच असं नाही. कवटीचा वरचा भाग नसणंही लोकांना फार भुरळ घालतं, पण ज्या जागी हजार वर्षं लोक आग पेटवतात, राख ओढतात, खड्डे करतात तिथे पृष्ठभागाजवळचं हाड हलणं रोजचं आहे. मारल्याचा पुरावा म्हणजे हाडावर हत्याराची खूण, मानेच्या मणक्यावर कापल्याची रेघ, अशी गोष्ट. ती दाखवली तर मी लगेच मत बदलेन.

आपल्याकडे हाच गुंता रामटेकजवळ मनसरला झालाय. तिथल्या हिडिंबा टेकडीवर वाकाटक काळातल्या विटांच्या बांधकामात चुन्याने केलेली माणसाची मोठी आकृती मिळाली. उत्खनन करणाऱ्यांनी ती पुरुषमेधाशी, म्हणजे वैदिक ग्रंथांतल्या नरबळीच्या यज्ञाशी, जोडली, तर दुसऱ्या अभ्यासकांनी ती वास्तुपुरुषाशी, म्हणजे बांधकामाच्या पायाशी निगडित विधीशी जोडली. मला दुसरं जास्त पटतं. पण मुद्दा तोच, एकच वस्तू आणि एकच ठिकाण असलं की ग्रंथातला अर्थ तिच्यावर चढवायचा मोह फार होतो.

मला विचाराल तर लिकायनवरची सगळ्यात हृद्य गोष्ट सांगाडा नाहीच, पाऊस मागायची रीत आहे. डोंगरावर हाग्नो नावाचा झरा होता. फार दिवस पाऊस पडला नाही, पिकं आणि झाडं सुकायला लागली की झ्यूसचा पुजारी तिथे जायचा, प्रार्थना आणि बळी झाला की ओकची फांदी पाण्यात घालायचा, खोल नाही, अगदी वरच्या वर हलवायची. मग म्हणे पाण्यातून वाफ निघायची, तिचं धुकं, धुक्याचा ढग, तो बाकीच्या ढगांना बोलावायचा आणि आर्केडियावर पाऊस. माझ्या आजोळी पाऊस लांबला की अंगाला लिंबाचा पाला गुंडाळून पोरांची धोंडी निघायची आणि दारोदार बाया अंगावर पाणी ओतायच्या, तेव्हा हे वाचताना मला परकं वाटलंच नाही. राखेत विजेने वितळून काच झालेल्या मातीचा एक तुकडाही मिळालाय, फल्गुराइट म्हणतात त्याला. तो तिथेच वीज पडून झाला की कुणी लांबून वाहायला आणला हे त्या तुकड्यावरून ठरवता येत नाही, पण विजेच्या देवाच्या वेदीत गोठलेली वीज, आणि ती चाळणीत कुणाच्यातरी हाताला लागली!

अजून एक. इसवीसनपूर्व ४०१ मध्ये धाकटा कुरुश या इराणी राजपुत्राच्या सैन्यात भाड्याने गेलेले आर्केडियन शिपाई आजच्या तुर्कस्तानात पेल्ताय गावी तळ ठोकून होते, तर त्यांच्या झेनियास नावाच्या सेनानीने तिथेच लिकायाचा उत्सव केला, बळी दिले, खेळ भरवले, आणि कुरुशही बघायला आला, असं त्याच सैन्यात असलेल्या झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा गणपती आठवतो की नाही.

शेवटचा प्रश्न, आपल्याकडे हे होऊ शकतं का. होऊ शकतं, पण चालत्या देवळात खणायचं नाही, ते कुणी करूही नये. काम आहे ते आजूबाजूच्या उकिरड्यांत आणि जुन्या चुलाणांत. मी माणदेशातल्या एका डोंगरावरच्या जत्रेत तीन वर्षं सलग जाऊन नुसतं लिहून घेतलं की बोकड कुठे कापतात, मुंडी कुणाच्या मानाची, पाय कुणाला, कातडं कुणाला, नैवेद्याला काय जातं, आणि जेवणं झाल्यावर हाडं कुठे पडतात. वरच्या पायरीपाशी एका प्रकारची हाडं आणि खाली बैलगाड्या सुटतात तिथे दुसऱ्याच प्रकारची, इतकं स्वच्छ वेगळं. पुढे कुणी पाचशे वर्षांनी खणलं तर मानकऱ्यांची घरं सुद्धा हाडांवरून सांगता येतील. तिसऱ्या वर्षी गेलो तर जीर्णोद्धारासाठी जेसीबीने मागचा जुना राखेचा उतार साफ करून त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते. मला रात्री झोप लागली नाही.

म्हणून एक विनंती. गावातल्या डोंगरावरच्या देवळाचं काम निघालं आणि खणताना काळी तेलकट माती, पांढरे खणखणीत हाडांचे तुकडे, खापऱ्या असं दिसलं तर काम दोन दिवस थांबवायला सांगा, जिथल्या तिथे शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, उभ्या कडेचा फोटो आधी, कारण थर तिथे दिसतात. हाडं पाण्याने धुवू नका, जळकं हाड भिजलं की ठिसूळ होऊन फुटतं. जे सुटून पडलंय तेवढंच कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते, आणि पिशवीवर पेन्सिलने कुठल्या बाजूला, किती हात खोल, कुठल्या तारखेला हे लिहा. मग तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. लहान तुकडे क्षुल्लक वाटून टाकून देऊ नका, गुडघ्याच्या वाट्या त्यातच असतात.